मोहाखालची हाळी

प्रिय अजय,

तुझं पाकीट मिळालं. पत्रिका झकास छापली आहेस. वन्यजीव सप्ताह, चंद्रपूर, छायाचित्र प्रदर्शन, वर मोठ्या अक्षरात 'अनपेक्षित सौंदर्य', मध्ये बोडीच्या पाण्यावरून मान वर उचलणारी तुझी वाघीण आणि खाली बारीक अक्षरात 'कै. अंजनाबाई यांच्या स्मृतीस'. अरे, आमच्यात 'कालकथित' लिहितात, कैलासवासी नाही. आईच्या हातचं इतकं जेवलास, तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात मांडी घालून बसलास, एवढं तरी कोणाला विचारायचं होतंस. पण असो. सोबतचं पत्रही वाचलं. फीत मी कापावी, आईबद्दल दोन शब्द मी बोलावेत आणि दिवाळी झाली की आपण कोर्टात जाऊन लग्न करून टाकावं, असं तू लिहिलं आहेस. आणि शेवटी लिहिलं आहेस की गावच्या सभेत मी जे बोलले ते दुःखाच्या भरात, काही माहीत नसताना बोलले, त्यामुळे वाघीण पिंजऱ्यात गेली तरी तू मला मनापासून माफ केलंस. वा रे वा! किती मोठं मन बापा तुझं! ते वाक्य वाचून मी हसले, इतकी हसले की उपकेंद्रात सुई टोचून घ्यायला आलेलं पोरगं रडायचं थांबून माझ्याकडे पाहत राहिलं.

मी हे शाळेतल्या मराठीत लिहिते आहे, कारण घरच्या बोलीत लिहायला बसले तर नुसत्या शिव्या उतरतील आणि तुला त्या आवडतात हे मला माहीत आहे. आईच्या शिव्या तू मिटक्या मारत ऐकायचास. इकडे सगळं ठीक. पाऊस सरला, धान पोटरीत आला आहे, तापाचे पेशंट वाढले आहेत. आईशिवाय घर मोठं झालं आहे. दोन खोल्यांचं घर कसं मोठं होतं ते मला आता कळलं. स्वयंपाक एकटीचा, म्हणून बहुतेक वेळा करतच नाही. शेजारची कमळाकाकी आलापल्लीहून लेकीकडून परत आली आहे, ती बळजबरीनं ताटात वाढते. तिच्याबद्दल पुढे लिहीन.

आलापल्लीवरून आठवलं. आमचं नर्सांचं ट्रेनिंग होतं आणि कोणी तरी म्हणालं, चला, सकाळी जंगलात फिरायला नेतात. तिथं त्या उंच सागांखाली तू उभा होतास, गळ्यात कॅमेरा, ओठांवर बोट. आम्हाला पहिलं वाक्य काय सांगितलंस, आठवतं? जंगलात आलात ना, मग तोंड बंद आणि डोळे उघडे. मला हसू फुटलं होतं आणि तू रागानं पाहिलंस. मला हसू याचं आलं की आमच्याकडे अगदी उलटं शिकवतात. जंगलात शिरलीस ना पोरी, की तोंड चालू ठेव, असं आई मला चालायला लागल्यापासून सांगायची. तुझा बाप माजरीच्या खाणीत, तुझं बालपण खिडकीवरची काळी धूळ पुसण्यात गेलेलं, तुला जंगल म्हणजे देऊळ. आम्हाला जंगल म्हणजे कामावर जायची जागा. पण तू दाखवलंस ते मी आधी कधीच पाहिलं नव्हतं, हे मी आजही नाकारत नाही. पायाखाली मखमलीचे मृगकिडे, गवतावर दवानं भरलेलं कोळ्याचं जाळं, पावसाच्या तोंडावर आलेला नवरंग पानं उलटीपालटी करताना. तुझा जुना कॅमेरा तू मला दिलास आणि मी ड्यूटी संपली की रानाच्या कडेनं फिरत राहायची. मी तुझ्यावर जीव टाकला तो तुझ्या डोळ्यांसाठी, अजय. जे कोणाला दिसत नाही ते याला दिसतं, असं मी आईला सांगितलं होतं.

आईला तू पहिल्याच भेटीत पटलास. जात विचारली नाही तिनं, जेवण आवडलं का तेवढं विचारलं. गावातल्या बायांनी कुजबुज केली तर तिनं अंगणात उभं राहून अख्ख्या वस्तीला ऐकवलं, की मायी पोरगी, माया जावई, तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं? आवाज असा की मूल गावापर्यंत जावा. मोहाच्या दिवसांत तर विचारूच नको. झाकटीत, उजाडायच्या आत टोपल्या घेऊन बाया निघतात, ज्याचं त्याचं झाड ठरलेलं, खाली वाकून फुलं वेचायची आणि वाकलेल्या बाईला समोरचं काही दिसत नाही, म्हणून सारखी हाळी देत राहायची. आईचं झाड बोडीच्या अंगाला, कमळाकाकीचं त्याच्या पलीकडे. 'हाय का वं कमळेऽऽ' अशी आईची हाक, आणि 'हाऽऽय बाई हाऽऽय' असं कमळाकाकीचं उत्तर. दिवस वर येईपर्यंत हेच. अस्वल असो, वाघ असो, ती हाक ऐकली की बाजूनं निघून जायचा. तू म्हणायचास, तुझ्या आईमुळे या भागात एक पाखरू नीट फोटोला बसत नाही. ती म्हणायची, फोटोले बसन नाई पण मी घरी तं येईन ना. आपण तिघंही हसायचो.

मग ती वाघीण आली, दोन बच्चे घेऊन. गाव तिला बोडीवाली म्हणायचं, तू कौमुदी म्हणायला लागलास. गुणवंतराव सरपंचांची कालवड तिनं मारली, जंगू गुराख्यावर चाल करून आली आणि तो झाडावर चढला म्हणून वाचला. गाव तेव्हापासून तिला न्या, न्या म्हणत होतं. तू प्रत्येकाच्या ओट्यावर बसून समजावत होतास, की बच्चे असलेली आई आहे, ती नुसती भीती दाखवते. मलाही ती आवडत होती. एकदाच दिसली मला, नाल्याच्या वाळूत बच्च्यांना चाटताना, आणि मी कॅमेरा उचलायचं विसरून गेले. बच्च्याच्या कानामागे चाटायची तिची तऱ्हा थेट आई माझे कान पुसायची तशी होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ती माझ्यासाठी नुसता वाघ नव्हती हे तुला कळलेलं बरं.

त्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. मी बाळंतपणात अडकले होते, रात्रभर उपकेंद्रात. सकाळी गावातली माणसं मला बोलवायला आली ती नर्स म्हणून, आधी त्यांनी कोण ते सांगितलंच नाही. आईच्या मानेवरची जखम मीच धुतली. लुगड्याच्या ओच्यात मोहाची फुलं तशीच होती, ओली, गोड वासाची. तो वास आता मला उलटी आणतो. तू दुपारी आलास, ओट्यावर डोकं आपटून रडलास, खांदा दिलास. लोक म्हणाले, पोटच्या पोरासारखा रडला. कमळाकाकीची तर दातखीळच बसली होती. जंगलखात्याचे साहेब लोक तिचा जबाब घ्यायला आले ते तसेच परत गेले, आणि त्याच संध्याकाळी तिची लेक करिश्मा तिला आलापल्लीला घेऊन गेली.

मग सभा. शाळेच्या पटांगणात अख्खं गाव, खुर्चीवर रेंजरसाहेब. भला माणूस, सगळ्यांचं ऐकून घेत होता. त्यानं साधा हिशेब मांडला. म्हणाला, मोह वेचणाऱ्या बाया हाका मारत असतात आणि हाक ऐकून वाघ बाजूला होतो. हाका चालू असतानाही ही चालून आली असेल, तर हिची माणसाची भीती गेली, मग हिला इथं ठेवता येणार नाही. पण बाई चूप होती, वाकलेली होती आणि वाघीण अचानक समोर आली, तर तो अपघात. मग आम्ही पहारा वाढवू, तिला राहू देऊ. तू उठलास आणि छान बोललास. तिची चूक नाही, ती नरभक्षक नाही, माझा शब्द घ्या. साहेबांनी विचारलं, कशावरून? तू म्हणालास, अभ्यासावरून. गाव खो खो हसलं. मग साहेब माझ्याकडे वळले. तुमच्या आई त्या दिवशी हाका मारत होत्या का, तुम्हाला काही कल्पना? मी उभी राहिले. मी म्हणाले, मायी माय रोज ओरडे. त्या दिवशी काऊन नाई ओरडन? आणि मी तुझ्याकडे पाहिलं. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, कोणाला याहून वेगळं काही सांगायचं आहे का. पटांगणात एक कुत्रं तेवढं कान खाजवत होतं. मी पाहतच राहिले तुझ्याकडे. तू चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत होतास.

बोडीवाली उन्हाळा संपायच्या आत पकडली गेली. बच्चे तिच्यामागे आपसूक आले. पिंजरा गाडीवर चढवताना मी हजर होते, तू नव्हतास, तुझ्यानं पाहवलं नसतं म्हणे. तिनं गजांवर तोंड आपटून दात मोडून घेतला होता, जबड्यातून रक्त येत होतं. पोट्ट्यांनी मोबाईल वर धरले होते. ती आता परत कधीच सुटायची नाही, असं गाडीबरोबरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मला रडू आलं नाही. तिनं काही गुन्हा केला होता का? नव्हता केला. ते मला तेव्हाही माहीत होतं.

हो, माहीत होतं. इथं थांब आणि हे वाक्य पुन्हा वाच.

आईच्या पुण्यानुमोदनाला कमळाकाकी आलापल्लीहून एका दिवसापुरती आली होती, सभेच्या आधी. विहारातून घरी आल्यावर तू बाहेर मंडपात पत्रावळींवर वाढत होतास. ती चुलीजवळ माझ्या शेजारी बसली आणि इतक्या दिवसांनी तिच्या तोंडाला पहिल्यांदा वाचा फुटली. तुझं कौतुक करायला फुटली, अजय! म्हणाली, त्या पोट्ट्याचा किती लाड होता वं तुया मायले! आदल्या सांजेले जेवाले बसला आन् म्हने का आई, तुमच्या आवाजानं थे बोडीवर येत नाई, दोन-चार सकाळा चूप राहा ना, असा फोटू दुनियेत कोनाचा नाई. मी म्हनलो, अंजनाबाई, असं चूप राहून जमन का? तं मले म्हने, जावयाचं आयकाच लागते वं कमळे, तू बी चूप राह्य. त्या दिशी आमी दोघी हासत हासत, तोंडाले पदर लावून येचत होतो. मी किराडलो तवा थे वाघीन सोडून पयाली, एकाच आवाजात पयाली. असं सांगून ती डोळे पुसत हसली आणि मला म्हणाली, तुया नशिबानं चांगला भेटला पोट्टा, त्याले सांभाळ. मी चुलीत लाकूड सारलं. बाहेरून तू विचारत होतास, भात कमी पडेल का.

तेव्हा मला तुला उभं चिरावंसं वाटलं होतं. पण मी ठरवलं, सभेपर्यंत थांबू. वाघिणीला वाचवायला एकच गोष्ट पुरेशी होती आणि ती तुझ्याकडे होती. उठून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, बाया चूप होत्या, मी चूप केल्या होत्या. गावानं दोन थपडा मारल्या असत्या. मी मध्ये पडले असते, आईची आण. कदाचित लग्नही केलं असतं, कारण माणूस चुकतो आणि आई तुझ्यावर रागावली नसती. पण तू तुझी कौमुदी विकलीस, स्वतःची कातडी वाचवायला. मी ती विकू दिली. तुला शिक्षा करायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, तुझा जीव तिच्यातच होता. तेवढ्यासाठी एक मुकं जनावर आणि तिचे बच्चे जन्मभर गजांआड घातले मी. मी वाईट बाई आहे, अजय. आईपेक्षा फार वाईट.

तरी एक शंका उरली होती. मला वाटायचं, तू त्या सकाळी तिथं नसशील, झोप लागली असेल, बस चुकली असेल. तुझी पत्रिका आली आणि शंका फिटली. काय फोटो आहे! पाण्यावर मोहाची फुलं तरंगताहेत, वाघिणीच्या हनुवटीवरून थेंब गळतोय, आणि तिची नजर पाण्यावर नाही, उजवीकडे वर आहे. ती बोडी मला पाठ आहे. उजवीकडे वर आईचं झाड आहे, आणि मोहाच्या दिवसांत ती बोडीवर यावी इतकी चूप सकाळ ती एकच. ती कुठं निघाली हे तुला दिसत होतं आणि तिकडे दोन चूप बाया वाकल्यात हे जगात तुला एकट्याला माहीत होतं. एक हाळी द्यायची होतीस, नुसतं खोकायचं तरी.

आता तुला एक गंमत सांगते. आईची टोपली कोणी घरी आणली नाही, त्याच मोहाच्या बेचक्यात कोणी तरी अडकवून ठेवली होती. पावसाच्या तोंडावर तिच्यात चिरक पाखरांच्या जोडीनं घरटं केलं. मी रोज जायची. तू शिकवलंस तशी, गुडघ्यांवर, श्वास धरून. चार पिल्लं, उघड्या लाल चोची, मागून सकाळचं ऊन. आईच्या टोपलीत पिल्लं, मला वाटलं आता मी वाचले. मग एक दिवस धामण चढली. नर-मादी दोन्ही माझ्या डोक्यावरून आकांत करत उडत होती. एक ढेकूळ मारलं असतं तरी ती खाली पडली असती. पण ऊन असं पडलं होतं ना अजय, की तिचं अंग पितळेसारखं उजळलं होतं, तोंडात अर्धं पिल्लू, आणि बटणावर बोट ठेवून मी तशीच बसले. शेवटचं पिल्लू संपेपर्यंत हलले नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फोटो आला. त्या पहाटे तुझ्या तोंडातून आवाज का निघाला नाही ते मला त्या दिवशी कळलं. कळलं, म्हणजे माफ केलं असं नाही. तो फोटो मोठा करून पाठवला आहे, तुझ्या वाघिणीशेजारी लाव. नाव नको देऊस.

फीत कापायला मी येत नाही. माझ्याऐवजी कमळाकाकीला पाठवते आहे, तुझ्या माणसांना तसं फोनवर कळवून ठेवलं आहे. नवं लुगडं घेतलं आहे तिनं, दोन दिवस झाले, आरशासमोर बोलायची तयारी करते आहे. मी तिला काहीही पढवलेलं नाही. एवढंच म्हटलं, की आईचा अजयवर किती जीव होता ते सगळ्यांना सांग, त्या सकाळची गोष्ट सांग, मला सांगितलीस तशीच. तिला ती गोष्ट तुझं कौतुकच वाटते. तिला जेव्हा उमगेल तेव्हा ती आधी स्वतःला मारून घेईल आणि मग मला शिव्या देईल, ते मी सोसेन. पहिल्या रांगेत रेंजरसाहेब असतील, गुणवंतराव असतील, पेपरवाले असतील, तूच नावं छापली आहेस. मी सभेत काय दडवलं तेही निघेल, निघू दे. हे पत्र तिच्याजवळ दिलं आहे आणि बजावलं आहे, की बोलून खाली उतरलीस की मगच अजयच्या हातात दे. म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा ती बोलून झाली आहे, पायरीवर तुझ्याशेजारी उभी आहे, आणि सगळे इतके चूप का झाले म्हणून तुझ्या तोंडाकडे पाहते आहे. वर मान कर. सभेत मी तुझ्या एका शब्दाची वाट पाहिली होती, आता ते सगळे पाहताहेत. बोल.

तुझी नाही, अंजनाबाईची,
रंजीता